डोळ्यांचाही सूर्यास्त व्हावा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत शहरातील एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. हा ट्रस्ट स्थापन झाला तेव्हा जालना हा जिल्हासुद्धा नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. त्या काळी आपल्या गल्लीबोळांतून रात्री आठनंतर सामसूम होत असे. घरात एखादा पिवळा दिवा, आणि वीज गेली की कंदील. आज त्याच गल्लीत रात्री बारा वाजता चक्कर मारली तर खिडक्याखिडक्यांतून निळसर उजेड हलताना दिसतो. या पन्नास वर्षांत आपण पुष्कळ मिळवले. त्याबरोबर एक गोष्ट हातातून निसटली, ती म्हणजे रात्र. तिच्याविषयी बोलण्यासाठी मी आज उभा आहे.

गेली तीस वर्षे मी याच शहरात वैद्यकीय व्यवसाय करीत आहे. सुरुवातीच्या काळात "झोप येत नाही" अशी तक्रार घेऊन येणारे बहुधा साठीच्या पुढचे असत. आता आई आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन येते आणि सांगते, "डॉक्टरसाहेब, हा रात्री झोपत नाही आणि सकाळी उठत नाही. शक्तीचे औषध द्या." शक्तीचे औषध मी देत नाही. मुलाला एवढेच विचारतो की उशाशी काय असते. मुलगा खाली बघतो, आणि पुष्कळदा आईही खाली बघते.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी मार्गशीर्षात एका स्नेह्यांकडे संध्याकाळच्या जेवणाचे निमंत्रण होते. घर चौविहाराच्या बाबतीत अत्यंत काटेकोर. आजींनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला सूर्यास्त पाहून ठेवलेला. आपल्याकडे डिसेंबरच्या आरंभी सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि जूनअखेरीस सात वाजून गेल्यावर. हा जवळजवळ दीड तासाचा फरक त्या आजींना तोंडपाठ. बाजरीची भाकरी, मुगाचे वरण, कढी असे साधे आणि सुरेख जेवण झाले. साडेपाचला ताटे घासायला पडलीसुद्धा. त्याच रात्री साडेअकराला मला त्याच घरून बोलावणे आले, कारण आजींचा रक्तदाब वाढला होता. मी जिना चढलो तेव्हा चार खोल्यांत चार पडदे उजळलेले होते. मुलगा दुकानाचा हिशेब संगणकावर पाहत होता, सूनबाई मालिका पाहत होत्या, नात कोणाशी तरी संदेशांची देवाणघेवाण करीत होती आणि नातू पांघरुणाच्या आत मोबाईल घेऊन बसला होता. आजींच्या खोलीतही टीव्ही चालू होता. त्यावर प्रवचन चालले होते, हे मात्र सांगायला हवे!

परत येताना मनात आले, या घराने पोटाचा सूर्यास्त पावणेसहाला पाळला, पण डोळ्यांचा सूर्यास्त अजून झालेलाच नाही. माझ्या घरी गेलो, अंथरुणावर पडलो, आणि सवयीने हात मोबाईलकडे गेला. म्हणजे मीही त्याच रांगेतला. तेव्हा हे व्याख्यान उपदेश म्हणून ऐकू नये, ही विनंती.

आता थोडे शास्त्र पाहू. १७२९ साली फ्रान्समध्ये द मेराँ नावाच्या शास्त्रज्ञाने लाजाळूसारख्या एका झाडाची कुंडी अंधारात ठेवली. दिवसा पाने उघडायची आणि रात्री मिटायची, असा त्या झाडाचा क्रम होता. अंधारातही पाने ठरल्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. सूर्य दिसत नसतानाही झाडाला वेळ कळत होती, याचा अर्थ घड्याळ झाडाच्या आत होते. माणसातही असे घड्याळ आहे. मेंदूच्या तळाशी, जेथे दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक छोटा पुंजका आहे. तो शरीराचे मुख्य घड्याळ होय. यकृत, स्वादुपिंड, हृदय, आतडी यांच्या पेशींतही स्वतःची लहान लहान घड्याळे आहेत आणि हे मुख्य घड्याळ त्यांना मिळवून घेते. हे घड्याळ पेशीच्या आत रेणूंच्या पातळीवर कसे चालते, याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रोसबाश आणि यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे मूळ काम केळ्यांवर घोंघावणाऱ्या त्या बारीक फळमाशीवर झाले. इतक्या क्षुद्र मानल्या जाणाऱ्या जीवात आणि आपल्यात घड्याळाची रचना मूलतः सारखी निघावी, याचे इतरांना आश्चर्य वाटेल; एकेंद्रिय ते पंचेंद्रिय असा जीवांचा विचार लहानपणापासून ऐकलेल्या या सभेला कदाचित वाटणार नाही.

या घड्याळात एक गंमत आहे. ते अचूक चोवीस तासांचे नाही. बहुतेक माणसांत ते चोवीस तासांहून किंचित जास्त, सरासरीने दहा-बारा मिनिटे जास्त चालते. माणसाला अंधाऱ्या गुहेत ठेवले तर तो रोज थोडा उशिरा झोपेल आणि थोडा उशिरा उठेल. म्हणून हे घड्याळ रोज मिळवावे लागते, जुन्या भिंतीवरच्या घड्याळाला जशी रोज किल्ली द्यावी लागे तसेच. ही किल्ली म्हणजे प्रकाश. सकाळचा प्रकाश घड्याळ पुढे आणतो, आणि संध्याकाळनंतरचा प्रकाश ते मागे ढकलतो. सगळे मर्म या एका वाक्यात आहे. रात्री दहाला डोळ्यांत उजेड गेला की मुख्य घड्याळ समजते की दिवस अजून संपलेला नाही. मग मेलाटोनिन नावाचे जे द्रव्य अंधार पडल्याची वार्ता सर्व शरीराला देते, ते उशिरा आणि कमी स्रवते.

मनगटावरचे घड्याळ वेगळे आणि सूर्याचे वेगळे, हेही ध्यानात घ्यावे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते आणि आपले जालना पंचाहत्तरच्या पुढे, शहात्तरच्या आत आहे. त्यामुळे आपल्या माथ्यावर सूर्य येतो तो सरासरीने बारा वाजून सव्वीस मिनिटांनी. शरीर या सूर्याचे ऐकते. रेल्वेच्या वेळापत्रकाशी त्याला कर्तव्य नाही.

डोळ्याने पाहायचे एवढेच आपण शिकलो होतो. दृष्टिपटलात शंकू आणि दंड अशा दोन प्रकारच्या पेशी असतात, असे आम्हाला वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले गेले. २००२ च्या सुमारास सिद्ध झाले की तिसऱ्या प्रकारच्याही प्रकाशग्राही पेशी आहेत. चित्र पाहण्याशी त्यांचा संबंध थोडाच. किती उजेड आहे हे मोजून मुख्य घड्याळाला कळवणे हे त्यांचे प्रमुख काम. त्यांतील मेलानोप्सिन हे द्रव्य निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते. दिवसाचे आकाश निळे असते, म्हणून निसर्गाने केलेली ही योजना अगदी बरोबर आहे. घोटाळा झाला तो आपण रात्री निळा प्रकाश पेटवू लागलो तेव्हा. कंदिलाची, पणतीची, जुन्या पिवळ्या बल्बची ज्योत तांबूस. तिच्यात निळा भाग अल्प. आजचा पांढरा एलईडी दिवा मुळात निळा असतो आणि त्यावर पिवळ्या भुकटीचा थर देऊन तो पांढरा केलेला असतो. निळ्या एलईडीच्या शोधासाठी तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि लगेच २०१५ मध्ये केंद्र सरकारच्या उजाला योजनेतून हे दिवे स्वस्तात घराघरांत पोचले. विजेची मोठी बचत झाली, यात वाद नाही. मी त्या दिव्यांच्या विरुद्ध नाही. निजायच्या खोलीत शुभ्र पांढरा दिवा कशासाठी, एवढाच माझा प्रश्न आहे. तेच दिवे पिवळसर प्रकाशाचेही मिळतात, आणि किंमत तीच.

मोबाईलविषयी मात्र थोडे जपून बोलले पाहिजे, कारण या विषयात अतिशयोक्ती फार होते. अमेरिकेत बारा जणांवर केलेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निजण्यापूर्वी चार तास, ओळीने पाच रात्री त्यांनी प्रकाशमान पडद्यावर वाचन केले, आणि इतर पाच रात्री छापील पुस्तक मंद उजेडात वाचले. पडद्याच्या रात्रींत मेलाटोनिन कमी झाले, घड्याळ सुमारे दीड तास मागे गेले आणि सकाळी जडपणा अधिक राहिला. झोप लागण्यास मात्र सरासरी दहाच मिनिटे जास्त लागली. दहा मिनिटे! मग आपला नातू दोन वाजेपर्यंत जागा राहतो तो केवळ प्रकाशामुळे नव्हे, हे उघड आहे. तो जागा राहतो कारण त्या पडद्याला शेवटचे पान नाही. पुस्तकाचा अध्याय संपतो, कीर्तन संपते, पत्त्यांचा डावसुद्धा संपतो. हे मात्र संपत नाही. दोन मिनिटांची एक चित्रफीत झाली की दुसरी आपोआप सुरू होते. २०१६ नंतर डेटा इतका स्वस्त झाला की थांबण्याचे ते एक कारणही उरले नाही. तेव्हा निळा प्रकाश गाळणारा चष्मा घेतला की काम झाले, या भ्रमात कोणी राहू नये. २०२३ मध्ये अशा चष्म्यांवरील अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात झोप सुधारल्याचा भरवशाचा पुरावा आढळला नाही. चष्म्याने रंग बदलेल, पण गुंतलेले मन त्याने कसे सुटणार?

आणखी एक गोष्ट माझ्या व्यापारी बंधूंसाठी. प्रकाशाची मात्रा 'लक्स' या एककात मोजतात. पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सच्या आसपास. रात्री आपल्या बैठकीच्या खोलीत शंभर ते तीनशे लक्स. बाहेर झाडाच्या सावलीत दिवसा दहा हजारांच्या घरात, आणि भर उन्हात एक लाखापर्यंत. आता मोंढ्यातला किंवा सदर बाजारातला आपला दुकानदार पाहा. सकाळी दहाला गल्ल्यावर बसला की रात्री नऊला उठतो, तो सगळा वेळ ट्यूबलाईटखाली. त्याच्या घड्याळाला दिवस मिळतो तीनशे लक्सचा आणि रात्र मिळते दोनशे लक्सची. घड्याळाने दिवस कोणता आणि रात्र कोणती हे ओळखायचे कसे? झोपेचे औषध मागायला येणाऱ्या अशा मंडळींना मी आधी सांगतो की पंधरा दिवस सकाळी अर्धा तास मोतीबागेत चालून या, ढग असले तरी या, मग औषधाचे बोलू. पुष्कळजण परत येत नाहीत. बरे झाले म्हणून येत नाहीत की रागावले म्हणून, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. पण त्यांतले काही बागेत दिसतात.

आपले पूर्वज दिवेलागणीलाच झोपत आणि नऊ-दहा तास निजत, असे सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तेही तितकेसे खरे नसावे. टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हिया येथील वीज नसलेल्या तीन जमातींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ती माणसे सूर्यास्तानंतर सरासरी तीन-साडेतीन तासांनी झोपतात आणि साडेपाच ते सात तासांच्या दरम्यान झोप घेतात. म्हणजे संध्याकाळी शेकोटीभोवती बसून गप्पा मारणे हा माणसाचा जुना स्वभाव आहे. फरक असा की शेकोटीचा उजेड तांबूस असतो, ती हळूहळू विझते, आणि सारे एकमेकांचे तोंड पाहत बसलेले असतात. विजेवाचून कसे जगावे, हे पाहायला आफ्रिकेत जाण्याचीही गरज नाही. आपल्याकडे चातुर्मासासाठी पधारणारे अनेक परंपरांतील साधु-साध्वीजी आजही विजेचा दिवा वापरीत नाहीत. ते ज्या खोलीत असतात तेथे सूर्यास्तानंतर खरोखर रात्र होते. या शहरात निसर्गाच्या प्रकाशावर चालणारी घड्याळे आता बहुधा तेवढीच उरली आहेत.

येथे रात्रिभोजनाचा विषय निघणे स्वाभाविक आहे. मला अनेकजण विचारतात, "डॉक्टर, विज्ञानाने आता आपला चौविहार सिद्ध केला ना?" मी जे जाणतो ते सांगतो. अन्न हीसुद्धा घड्याळाची एक किल्ली आहे, विशेषतः यकृताच्या घड्याळाची. मूळचे ओडिशाचे आणि अमेरिकेतील साल्क संस्थेत संशोधन करणारे सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदरांवर दाखवले की तेच आणि तेवढेच चरबीयुक्त खाणे दिवसभर कधीही देण्याऐवजी आठ तासांच्या मर्यादेत दिले तर उंदीर लठ्ठ होत नाहीत. माणसांत मात्र निकाल इतके स्वच्छ नाहीत. २०२२ मध्ये चीनमधून प्रसिद्ध झालेल्या वर्षभराच्या चाचणीत, एकूण आहार कमी करणाऱ्यांना वेळेच्या बंधनाने वजनात वेगळा लाभ झाला नाही. सायंकाळी लवकर जेवणे पचनाला आणि साखरेला बहुधा हितकारक आहे, असे माझे मत आहे. परंतु आपण रात्रिभोजन सोडले ते वजनासाठी नव्हे, जीवदयेसाठी. व्रताला उंदरांच्या प्रयोगाचे प्रमाणपत्र चिकटवले तर उद्या दुसरा प्रयोग ते काढूनही घेईल. व्रत आपल्या पायावर उभे राहू द्यावे. माझा मुद्दा वेगळा आहे. सूर्याकडे पाहून दिवस संपवण्याची सवय ज्या समाजात आधीच आहे, भिंतीवर सूर्यास्ताची वेळ लावलेली आहे, त्याला डोळ्यांसाठी तसाच एखादा नियम करणे इतरांपेक्षा पुष्कळ सोपे आहे. आपण ते केलेले नाही, ही खंत आहे.

आता ज्यांना निवड करता येत नाही त्यांच्याकडे वळतो. जालन्याची आजची ओळख पोलादाची. आपल्या औद्योगिक वसाहतीतील भट्ट्या आणि रोलिंग मिल रात्रभर धगधगत असतात. अनेक वर्षे औद्योगिक विजेला रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत दरात सवलत होती, त्यामुळे जड काम रात्री उरकण्याकडे साहजिकच कल होता. त्या रात्रपाळीतली माणसे माझ्याकडे येतात ती आम्लपित्त, वाढलेली साखर, भाजलेला हात अशा कारणांनी. पहाटे तीन-चारच्या सुमारास शरीराचे तापमान आणि सावधपणा सर्वांत खाली गेलेला असतो. तप्त लोखंडाशेजारी उभ्या असलेल्या माणसाचा तो सर्वांत धोक्याचा तास. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाला माणसांत कर्करोगास 'बहुधा कारणीभूत' या गटात घातले आहे.

या सभेत कारखानदार बंधू बसलेले आहेत. त्यांना माझी स्पष्ट विनंती आहे. भट्टी विझवता येत नाही हे मला समजते. पण पाळ्या बदलताना सकाळ, मग दुपार, मग रात्र असा क्रम ठेवा, उलटा नको. कारण शरीराचे घड्याळ मागे जाणे सहज सोसते, पुढे येणे नाही. रात्र संपवून सकाळी आठला थांबलेल्या माणसाला दुसऱ्या पाळीसाठी अडवू नका. आणि पत्र्याच्या खोलीत, भर दुपारी, शेजारी लाऊडस्पीकर चालू असताना तो कसा झोपत असेल, हे एकदा त्याच्या खोलीवर जाऊन पाहा. जाड पडद्याचा खर्च एका मोटारसायकलच्या टायरपेक्षा जास्त नाही.

शेतकऱ्याची कथा याहून जुनी. भारनियमनाच्या काळापासून मराठवाड्यात शेतीपंपाची वीज आळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री येत राहिली. मोसंबीच्या बागेला पाणी द्यायचे तर मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावर जायचे, विंचू-सापाच्या भीतीसह. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हाती घेतली. तिचा विचार आपण नेहमी विजेच्या आणि पैशाच्या हिशेबाने करतो. मला त्यात अंबड-घनसावंगीच्या शेतकऱ्याची रात्रीची झोपही दिसते.

मुलांविषयी बोलल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. वयात येताना शरीराचे घड्याळ स्वभावतःच एक-दोन तास मागे सरकते. म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाला दहाला झोप न येणे हा आळस नाही. त्याला झोप हवी असते मात्र आठ ते दहा तास. वरून उशिरापर्यंत पडदा आणि पहाटे पाचची शिकवणी, अशा दोन्ही टोकांनी त्याची झोप कापली जाते. दिवसभर वाचलेले मेंदू झोपेत पक्के करतो. तेव्हा झोप कापून वाचणारा विद्यार्थी एका हाताने पेरतो आणि दुसऱ्या हाताने उपटतो. लहान मुलांच्या डोळ्यांतील भिंग अधिक स्वच्छ असते, म्हणून तोच दिवा त्यांच्या घड्याळाला आपल्यापेक्षा जास्त धक्का देतो. आणि दोन वर्षांखालील बाळाला भरवताना मोबाईल दाखवायचा, ही जी नवी रीत घराघरांत पडली आहे, ती तर बंदच व्हायला हवी. येथे मात्र मी मुळीच मवाळ नाही.

हे सर्व ऐकून घरी गेल्यावर एकट्या मुलाला आपण म्हणाल, "मोबाईल ठेव." तो ठेवणार नाही, कारण आपला चालू असेल. येथे मला मदुराईच्या वटवाघळांची आठवण येते. प्राध्यापक चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मदुराईजवळच्या गुहांत एक सुरेख प्रयोग केला. तो १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. गुहेच्या आत, जेथे दिवसाचा उजेड पोचत नाही, तेथे एक वटवाघूळ पिंजऱ्यात ठेवले. गुहेत इतर वटवाघळे मोकळी राहत होती आणि रोज संध्याकाळी बाहेर उडत होती, तोवर पिंजऱ्यातल्या वटवाघळाची वेळ अचूक राहिली. दुसऱ्या, रिकाम्या गुहेत ठेवलेल्या वटवाघळाची वेळ रोज थोडी थोडी सरकत गेली. ज्याला सूर्य दिसत नव्हता, त्याने आपल्या बांधवांच्या ये-जा करण्यावरून वेळ ओळखली.

माणसांतले याच्या जवळचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. करोनाच्या काळात मुलांच्या हाती अभ्यासासाठी मोबाईल गेले आणि शाळा पुन्हा भरू लागल्यावरही सुटेनात, हे पाहून गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला. रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो. सर्व घरांतील टीव्ही आणि मोबाईल बंद होतात, ते साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत. त्या दीड तासात मुले अभ्यास करतात, मोठी माणसे वाचतात किंवा बोलतात. ग्रामपंचायतीचे लोक आरंभी घरोघर फिरून समजावीत होते. भोंग्याचा आवाज एका घरासाठी नसतो, सर्वांसाठी असतो. म्हणूनच तो चालला. सातऐवजी ती वेळ निजण्याआधीची असती तर झोपेच्या दृष्टीने अधिक उपयोग झाला असता, असे डॉक्टर म्हणून मला वाटते. पण अगोदर भोंगा तर वाजला पाहिजे!

घड्याळ सुधारायला फार दिवस लागत नाहीत, हेही सांगतो. अमेरिकेत २०१३ च्या एका अभ्यासात आठ जणांना आठवडाभर डोंगरात तंबूंत ठेवले. दिवे नाहीत, मोबाईल नाहीत, फक्त सूर्य आणि शेकोटी. सात दिवसांत त्यांची घड्याळे सुमारे दोन तास पुढे आली. उशिरा झोपणारे आणि लवकर झोपणारे यांच्यातले अंतरही घटले. पर्युषणाचे आठ दिवस किंवा दशलक्षणाचे दहा दिवस आपल्याकडे दरवर्षी येतात. मी याहून अधिक काही म्हणत नाही.

शेवटी एक नाजूक विषय. अध्यक्ष महोदय, रागावू नये. महोत्सवानिमित्त या सभागृहावर आणि शेजारच्या विद्यार्थी वसतिगृहावर जी रोषणाई केली आहे, ती वर्षभर ठेवण्याचा विचार आहे, असे कानावर आले. परवा सकाळी मी मुद्दाम प्रवेशद्वाराच्या मोठ्या दिव्यांखाली उभा राहिलो. पायरीवर पतंग, किडे, पाखरे यांचा खच पडला होता. शिपाई ते झाडूने गोळा करीत होता. किडा दिव्याकडे ओढला जातो असे आपण समजत होतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवले की उडणारा कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतो, कारण लक्षावधी वर्षे उजेड म्हणजे आकाश, म्हणजे वरची बाजू. दिवा बाजूला आला की त्याची वर-खाली ओळख चुकते आणि तो गरगरत राहतो, थकून पडेपर्यंत. ज्या दिव्याभोवती जीव येतात म्हणून आपल्या पूर्वजांनी रात्रीचे ताट दूर सारले, तोच दिवा आपण दारावर शंभरपट मोठा करून लावला आहे. आणि त्याचा निम्मा उजेड वसतिगृहाच्या खिडक्यांतून मुलांच्या डोळ्यांवर पडतो.

हे अटळ नाही. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या आरंभी भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' ही आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी जंगलाला लागून असलेल्या काही गावांतले पथदिवे बदलून, उजेड आकाशाकडे न जाता खाली जमिनीवरच पडेल असे बसवले. गावे अंधारात गेली नाहीत. दिव्याला टोपी घातली, इतकेच.

माझी ट्रस्टपुढे मागणी अशी आहे. बाहेरची रोषणाई रात्री दहाला बंद व्हावी आणि प्रवेशद्वारावर एकच, खाली तोंड असलेला, पिवळसर दिवा राहावा. वसतिगृहात निजायच्या खोल्यांतले शुभ्र दिवे बदलावेत आणि मोबाईलसाठी दारापाशी खणांचे कपाट करावे. साडेनऊला सर्वांचे मोबाईल त्यात, अधीक्षकांचाही. घरी कोणास सांगण्यापूर्वी विश्वस्तांनी एक महिना स्वतःच्या घरी असेच करून पाहावे, आणि जमले नाही तर तेही पुढच्या सभेत मोकळेपणाने सांगावे. मी माझा मोबाईल गेल्या वर्षापासून जिन्याखाली ठेवतो. रात्री रुग्णाचा फोन आला तर घंटा ऐकू येते, हातात मात्र तो येत नाही. दोन वेळा नियम मोडला. दोन्ही वेळा क्रिकेट होते.

आता साडेनऊ वाजत आले आहेत. संयोजकांनी माझी वेळ पावणेनऊपर्यंत ठेवली होती. ती मी ओलांडली, आणि तीही या सभागृहाच्या एवढ्या प्रखर दिव्यांखाली, याबद्दल क्षमस्व. प्रश्न पुष्कळ असतील. ते आत्ता नकोत. उद्या सकाळी सात वाजता मी मोतीबागेत असेन, तेथे उन्हात उभे राहून बोलू.